वळणं सांगणारा

त्या गुरुवारी मी फोनवर आमच्याच भागातली हॉटेलं बघत बसलो होतो. 'शहराच्या अगदी मध्यभागी, गजबजलेल्या चायनाटाउनमध्ये राहण्याचा अनुभव घ्या,' असं तिथं लिहिलं होतं. तो अनुभव मी चोवीस वर्षं घेत होतो. निकोलस स्ट्रीटवर खाली बाबांचं भाजलेल्या बदकांचं दुकान, वर दुसऱ्या मजल्यावर आम्ही. शनिवारी सगळं मँचेस्टर आमच्याकडे जेवायला येई आणि काचेमागे माना टाकून लटकणाऱ्या बदकांचे फोटो काढी. बदकांच्या मागे सुरी धरून उभा असलेला मी त्यातल्या पुष्कळ फोटोंत असेन. बदकांपेक्षा जरा कमी प्रसन्न.

'प्रवासाचं कारण?' फोननं विचारलं. पर्याय दोनच होते. काम किंवा मौज.

कारण असं होतं की आमच्या बाबांना शनिवारी घरी यायचं होतं, आणि ते येतील तेव्हा आम्ही घरात असून चालणार नव्हतं. बाबांना जाऊन आठ दिवस झाले होते.

मी मौज दाबलं.

दिवस आणि वेळ फोंगकाकांनी काढून दिली होती. फोंगकाका एरवी मोबाइलचे फुटलेले पडदे बदलतात आणि गरज पडेल तेव्हा गेलेल्यांचं बघतात. दोन्ही कामांना टेबल एकच, चष्माही एकच. बाबांची जन्मवेळ, मृत्यूची वेळ, असं काय काय त्यांनी एका पाकिटाच्या पाठीवर मांडलं आणि म्हणाले, "शनिवारी. माकडाच्या प्रहरात. तीन ते पाच."

"पहाटे?" मी विचारलं.

"दुपारी."

"त्यांची सुट्टीची वेळ," आई म्हणाली.

खरंच होतं ते. जेवणाची गर्दी ओसरली की तीनच्या ठोक्याला बाबा वर येत. बूट दाराशी काढत. मग दारातच, एका हातानं चौकट धरून, डाव्या पायातला मोजा काढत. त्या पावलावर कधीकाळी उकळती चरबी सांडली होती, त्याला मोकळा वारा लागे. उजवा मोजा तसाच ठेवून पाचपर्यंत सोफ्यावर आडवे. बत्तीस वर्षं यात बदल नाही. मेल्यावरही हा माणूस दुकानाच्या वेळा पाळणार, यात मला गूढ असं काहीच वाटलं नाही.

"जेवण मांडून ठेवा," फोंगकाका म्हणाले. "जमिनीवर पावडर पसरा, म्हणजे आले-गेले ते कळेल. त्यांनी घर एकदा बघायचं, जेवायचं आणि निघायचं. तुम्ही मात्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत घरात पाऊल टाकू नका. घर दिसेल अशा ठिकाणीही राहू नका. नजरानजर झाली की जाणाऱ्याचा पाय निघत नाही."

"म्हणजे मग ते जात नाहीत?"

फोंगकाकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "जाणारा जातोच रे, आ-कित. फक्त एकटा जात नाही."

मी आईकडे बघितलं. ती टेबलावरच्या एका फुटक्या फोनकडे बघत होती.

मला काळजी तिचीच होती. बाबा सहा दिवस हॉस्पिटलमध्ये होते. शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी तिला दटावून परत पाठवलं, "दुकान बंद ठेवून माझं तोंड काय बघत बसलीस? गर्दी आटोप आणि तीनला ये." ती तीनला आली. ते तीनला दहा कमी असताना गेले होते. मी जवळ होतो. पण मी काही ती नव्हे.

नर्सनं त्यांच्या वस्तूंची प्लास्टिकची पिशवी आईच्या हातात दिली. ॲप्रन, किल्ल्या, घड्याळ, बूट, एक मोजा. उजवा. "डावा कुठाय?" आईनं विचारलं. नर्सला विचारलं, मग दुसऱ्या नर्सला, मग दारावरच्या रखवालदाराला. ती रडली नाही. तिनं मोजा विचारला. शेवटी जिन्यात बसून म्हणाली, "दहा मिनिटं. एरवी बदक शिजायला तासभर उभे राहायचे. मला दहा मिनिटं थांबायला काय झालं होतं यांना?"

तिला त्यांना एकदा बघायचं होतं. आणि शनिवारी नेमकं तेवढंच करायचं नव्हतं.

हॉस्पिटलमधून बाबांना घरी आणायचं काम माझं होतं. म्हणजे देह इथल्या कायद्याप्रमाणे शीतगृहात रांगेत. इथं मेल्यावरही नंबर लावावा लागतो. पण उरलेले बाबा आणायचे होते. माणूस घराबाहेर गेला तर त्याला परतीची वाट दिसत नाही. मुलानं पुढं चालून प्रत्येक वळण, प्रत्येक पूल मोठ्यानं सांगायचा. मागं बघायचं नाही. जे वळण सांगायचं राहील त्या वळणावर तो तसाच उभा राहतो. घरी पोचला की काही दिवस टेकतो, मग त्याला पुढं नेतात आणि नेमल्या दिवशी एकदाच निरोपाला सोडतात; तो आमचा शनिवार.

आम्ही टॅक्सी केली. मी पुढं, आई आणि पिशवी मागं. चालकाचं नाव वर्सामे होतं, गाडीतल्या परवान्यावर लिहिलेलं. मी आमच्या भाषेत म्हटलं, "बाबा, डावीकडे वळतोय." थोड्या वेळानं, "बाबा, पूल." वर्सामेला वाटलं मी फोनवर बोलतोय. मग त्याला माझ्या हातात फोन दिसला नाही.

"कोणाला सांगतोस, भावा?"

"वडलांना."

त्यानं आरशात बघितलं. आई. पिशवी. त्यानं रेडिओ बंद केला. पुढच्या सिग्नलला तोच हळूच म्हणाला, "आता उजवं वळण आहे. सांग त्यांना." मग प्रत्येक वळण यायच्या आधी तो मला खूण करू लागला. मोठ्या गोल चौकाशी त्यानं गाडी मंद केली. "गोल चक्कर असेल तर काय म्हणतात?"

"ठाऊक नाही. हे पहिलेच वडील आहेत."

"मग मी जपून घेतो," वर्सामे म्हणाला, आणि कडेवर मूल असावं तसा तो चौक त्यानं घेतला.

त्यानंतर ती सवय मला चिकटली. दूध आणायला निघालो तरी तोंडातून आपोआप, "बाबा, डावीकडे." आई म्हणायची, "अरे गाढवा, ते घरी बसलेत, कशाला त्यांना दुधाला नेतोस?" आणि आम्ही दोघं हसायचो, आणि मग हसायचं थांबायचो.

तर, खोली. आईच्या अटी होत्या. चौथा मजला नको, खोलीच्या आकड्यात चार नको, कारण चार म्हणजे मरण, आणि ते आमच्याकडे आधीच होतं. पलंगासमोर आरसा नको. फोंगकाकांची अट, खिडकीतून घर दिसायला नको. मी म्हटलं, "संकेतस्थळावर 'घर न दिसणारी' असा पर्याय नाही, फक्त 'कालवा दिसणारी' आहे." ती म्हणाली, "मग बघायला जाऊ."

पहिलं हॉटेल पोर्टलंड स्ट्रीटवरचं, सगळं काचेचं. आई खोलीपर्यंतसुद्धा आली नाही. "पॅसेजच्या टोकाची आहे."

"मग?"

"टोकाची खोली त्यांची असते."

"कोणाची?"

"ज्यांना बुकिंग लागत नाही त्यांची."

दुसरी जागा कराओकेच्या वर. कोणीतरी खाली भर दुपारी प्रेमभंगाच्या गाण्याचा जीव घेत होतं. खिडकी उघडली तर समोर आमच्या स्वयंपाकघराची खिडकी, तिच्यात बाबांचा वाळत घातलेला ॲप्रन. आई बघत उभी राहिली.

"इथनं दिसतं," मी म्हटलं. "म्हणून ही नको."

"हो. म्हणूनच नको," ती म्हणाली, आणि हलली नाही. गाणं संपेपर्यंत हलली नाही.

तिसरं हॉटेल चायनाटाउनच्या कमानीच्या पलीकडे, जुन्या कापसाच्या गोदामात. बेथन नावाची मुलगी आम्हाला वर घेऊन गेली. दुसरा मजला, खोली दोनशे आठ, पॅसेजच्या मधोमध. बेथन किल्ली लावणार तेवढ्यात आईनं तिला थांबवलं, दारावर तीनदा टकटक केली आणि बाजूला भिंतीशी उभी राहिली.

"आत कोणी नाहीये हो," बेथन म्हणाली.

"असू दे. सांगून गेलेलं बरं."

ही बाबांची पद्धत. परक्या खोलीत शिरण्याआधी दार ठोठवायचं आणि बाजूला व्हायचं, म्हणजे आत कोणी असेल, म्हणजे तसलं कोणी, तर त्यांना वाट मिळते. आयुष्यात आम्ही दोनदा सहलीला गेलो, दोन्ही वेळा बाबांनी रिकाम्या खोलीची टकटक करून माफी मागितली.

दोनशे आठच्या खिडकीसमोर हातभर अंतरावर विटांची भिंत होती. घर काय, आकाशसुद्धा दिसत नव्हतं. 'उजेडाचा पत्ता नाही,' असं एका पाहुण्यानं लिहिलं होतं, ते खरंच होतं. आई न्हाणीघरात गेली. बराच वेळ आतच होती. पाणी सोडल्याचा आवाज आला आणि ती बाहेर आली.

"हीच."

"लगेच पसंत? उजेड नाही म्हणतात."

"आपल्याला काय मोती ओवायचेत?"

मला सुटल्यासारखं झालं. न्हाणीघर बघायचं माझ्या मनात आलं नाही.

शनिवारी आई दोनलाच पुढं गेली. मी भात मांडला, बदक तोडून मांडलं. तुकडे वाकडेतिकडे झाले, बाबांनी बघितलं असतं तर परत मेले असते. एक वाडगा, काड्यांची एक जोडी, त्यांचा कान तुटलेला कप. पावडर म्हणून आईनं बाळांची टाल्कम पावडर आणली होती, दोन डबे. सोफ्यापासून मागं मागं सरकत मी ती दारापर्यंत शिंपडली. घराला नुकतंच कोणाचं तरी बारसं झाल्यासारखा वास येऊ लागला. या कामात उशीर झाला. कुलूप लावलं तेव्हा खालच्या दुकानातल्या घड्याळात तीनचे ठोके पडत होते.

बाहेर लख्ख ऊन. भाजीचे खोके फुटपाथवर, कोणा नवरीच्या मैत्रिणी कागदी पंखे घेऊन फोटो काढतायत, बेकरीतून अंड्याच्या गोड वड्यांचा वास. गर्दीतून वाट काढत मी आमच्या कोपऱ्यावरून वळलो, कमानीखालून गेलो, गाड्यांच्या तळाला वळसा घातला, हॉटेलात शिरलो. लिफ्टचं दार मिटलं आणि मला माझाच आवाज ऐकू आला.

"बाबा, लिफ्ट. दुसरा मजला."

मी आठवून बघितलं. कोपरा सांगितला होता. कमान सांगितली होती. तळाचा वळसासुद्धा.

लिफ्टच्या आरशात मी एकटाच होतो. मी स्वतःशी हसलो. आरशातला जरा उशिरा हसला, असं मला वाटलं, पण तो दिवसच तसा होता.

दोनशे आठमध्ये आईनं चहा करून ठेवला होता. आम्ही पलंगाच्या दोन कडांवर बसलो. भिंतीकडे बघत होतो. बघायला तेवढंच होतं.

"आता बूट काढत असतील," ती म्हणाली.

"हं."

"तू बदकाची मान वाढलीस ना? त्यांना मान लागते."

"वाढली."

तीन वाजून वीस मिनिटांनी दारावर टकटक झाली.

तीनदा. हलकी.

मी थांबलो, कोणी 'सफाई' म्हणेल म्हणून. कोणी काही म्हणालं नाही. मी दाराच्या भिंगातून बघितलं. पॅसेज रिकामा, गालिचा, समोरच्या खोलीचा आकडा.

"कोणी नाही."

"बाजूला उभे असतील," आई म्हणाली.

तिचा आवाज अगदी साधा होता. मला आधी कळलं नाही. मग कळलं. ठोठवायचं आणि बाजूला व्हायचं. आतल्यांना निघायला वाट द्यायची. बाबा परक्या खोलीपाशी आले होते आणि आत जे कोणी तसलं असेल त्याची माफी मागत होते.

त्यांच्या लेखी ते 'तसलं कोणी' म्हणजे आम्ही होतो.

"आ-कित. येताना काय बोललास?"

"काही नाही."

"आ-कित."

"वळणं सांगितली. सवयीनं."

"कुठवर?"

"लिफ्टसकट."

आता थोबाडीत बसणार असं वाटलं. तिनं माझ्या गालावर हात ठेवला. "लिफ्टसुद्धा सांगितलीस," ती म्हणाली. "बरं केलंस. नाहीतर खालीच बटणं बघत उभे राहिले असते."

पुन्हा टकटक झाली.

ती उठली आणि दाराशी गेली. तळवा दारावर ठेवून उभी राहिली.

"आई, नको."

"दहा मिनिटं. माझी राहिलीत त्यांच्याकडे."

"फोंगकाकांनी काय सांगितलं?"

"तो पडदे बदलतो."

एरवी माझ्याकडे प्रत्येक प्रसंगाला एक विनोद असतो. मी शोधला. नव्हता. म्हटलं, "एक गेलेत. तूही गेलीस तर मला घरी आणायला कोणी उरणार नाही."

तिनं दारावरून एकदा तळवा फिरवला. मग हात खाली आला.

"जा. पाचच्या आत त्यांना घरी पोचव. प्रत्येक वळण सांग. मागं बघू नकोस. आणि परत येताना तोंडाला कुलूप."

"तू?"

"मी कुठं जाणार? मी न्हाणीघरात बसते, म्हणजे दार उघडलंस तरी दिसायचे नाहीत."

तिनं न्हाणीघराचं दार लावून घेतलं. कडीचा आवाज ऐकूनच मी बाहेरचं दार उघडलं.

नजर गालिच्यावर ठेवली. पंचमसाल्याचा वास आला, करपलेल्या मधाचा, ओल्या ॲप्रनचा. उन्हाळ्यात भट्टीचं झाकण उघडलं की चेहऱ्यावर येते तशी ऊब.

"बाबा, चुकलं माझं. घरी चला. लिफ्ट."

लिफ्टमध्ये मी डोळे मिटून घेतले.

"बाबा, बाहेर पडतोय. उजवीकडे."

भर गर्दीत मी ओरडत होतो. पंखेवाल्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी फोन काढून मला टिपलं. मी गप्प झालो की मागून आवाज येई. चट्. फस्स. चट्. फस्स. एक पाऊल अनवाणी, एक मोज्यातलं.

"बाबा, तळाला वळसा."

चट्. फस्स.

"बाबा, कमान."

कमानीखाली मला तिसरा आवाज ऐकू आला. त्या दोघांच्या मध्ये, हलका, भराभर. सप, सप, सप. हॉटेलच्या खोलीत पातळ सपाता देतात, तसा. गर्दीत कोणी असेल, म्हटलं.

मागं बघायचं नव्हतं.

"बाबा, डावीकडे. आपला कोपरा."

जिना. पहिलं वळण सांगितलं. दुसरं सांगितलं. चारला दहा मिनिटं कमी होती. मी कुलूप काढलं, दार ढकललं, आमच्याच घराच्या दारावर तीनदा टकटक केली आणि भिंतीकडे तोंड करून बाजूला उभा राहिलो.

माझ्या पाठीला ऊब चाटून गेली.

तिच्या मागोमाग, खांद्याच्या उंचीवरून, गार काहीतरी गेलं. त्याला हॉटेलच्या साबणाचा वास होता.

मी दार ओढून घेतलं आणि एक शब्द न बोलता परत आलो.

खाली बेथनला विचारलं, "आई बाहेर गेली होती का?" नाही, ती म्हणाली, मी इथंच आहे, लिफ्टनं तुम्ही एकटेच गेलात. वर न्हाणीघराची कडी आतून काढलेली होती. आई स्टुलावर बसली होती, पायांत सपाता, त्यांचे तळ स्वच्छ. टबावरची दुधी काचेची झडप उघडी होती. मी तिच्या मागून वाकून बघितलं. दोन धुराड्यांच्या फटीतून, टपाल तिकिटाएवढी, आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसत होती.

म्हणून ही खोली.

"पोचले," ती म्हणाली, मी काही विचारायच्या आधी.

"जेवले?"

"जेवतायत," ती म्हणाली. झडपेवरून तिचे डोळे हलले नाहीत. मी तिचा हात धरला. तो त्या खोलीच्या भिंतीसारखा गार होता.

सकाळी निघताना बेथननं काउंटरवर काहीतरी ठेवलं. "तुमच्या दाराबाहेर मिळालं, सफाईवाल्यांना." पांढरा मोजा. डावा. टाचेला आईनं निळ्या दोऱ्यानं रफू केलेलं. मी आईकडे बघितलं. तिनं तो घडी करून पर्समध्ये ठेवला, छत्री ठेवावी तसा.

"सापडला," ती म्हणाली.

घराचं दार मी उघडलं. उंबरठ्यापासून पावडरीत पावलं गेली होती. डाव्या पायाची पाचही बोटं स्पष्ट, उजव्याचा नुसता पुसट ठसा. त्यांच्या शेजारी, जवळजवळ चिकटून, अरुंद सपातांचे ठसे. टेबलापर्यंत दोघांचे. मी एक वाडगा मांडला होता. आता दोन होते. बदकाची मान खाल्लेली होती, आणि आई नेहमी बाजूला काढते ती कातडी दुसऱ्या वाडग्याच्या कडेला काढून ठेवलेली होती. तिथून सोफ्यापर्यंत. सोफ्यापासून परत दारापर्यंत, उंबरठ्याशी संपलेले.

परत जाणारे ठसेही दोघांचे होते.

आई माझ्या शेजारी उभी राहून ते बघत होती.

"दहा मिनिटं झाली?" मी विचारलं.

"पुसून घे," ती म्हणाली. "दुकान उघडायचंय."

तीन आठवड्यांनी बाबांच्या अंत्यविधीचा नंबर लागला. त्या दिवशी फुलं घ्यायला आम्ही दोघं निघालो. कमानीशी मी डावीकडे वळलो, बोलत बोलत बेकरीपर्यंत गेलो, तेव्हा लक्षात आलं की शेजारी कोणी नाही. मागं बघितलं. आई कोपऱ्यावर उभी होती. हात पुढं जुळवलेले, नजर सरळ. लोक तिला वळसा घालून जात होते. ती कोणाला बघत नव्हती आणि कोणी तिला बघत नव्हतं.

मी परत गेलो. "आई, काय झालं?"

तिची नजर तशीच सरळ. मी फार वेळ उभा राहिलो. मग, कोणाला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणालो, "आई, डावीकडे."

ती चालू लागली.

त्याला आता चार महिने झाले. ती दुकान सांभाळते, गिऱ्हाइकांना टोमणे मारते, मला गाढव म्हणते. डॉक्टर म्हणतात, तब्येत ठणठणीत आहे. ती दिसली की फोंगकाका रस्ता ओलांडतात. मी वळणं सांगतो. बाजाराची, जिन्याची, भाजीच्या खोक्यांमधली. लोकांना वाटतं पोरगा आईची किती काळजी घेतो.

परवा दुपारी दुकानात गर्दी होती. तीनला ती माझं जेवण घेऊन वर निघाली आणि मी सांगायला विसरलो. पाच वाजता वर गेलो. जिन्याच्या पहिल्या वळणावर ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. हातातला भात गार झाला होता.

माझी चाहूल लागली तशी ती म्हणाली, "आ-कित, घर आलं का रे?"